यंत्र घेण्याआधी जमीन मोजावी

या सदरातून आजवर शिवणयंत्र, पाण्याचा पंप, पिठाची घरगुती चक्की अशा आपल्या ओळखीच्या यंत्रांविषयी लिहीत आलो. या महिन्यात ज्या यंत्राविषयी लिहिणार आहे, ते बडोद्यातील एखाद्या वाचकाच्या घरी असण्याचा फारसा संभव नाही. दांडिया बाजारातील आमच्या घरापुढचे अंगण एवढेच, की तुळशीवृंदावन, दोन जास्वंदी आणि एक सायकल मावली म्हणजे माणसाला अंग चोरूनच आत यावे लागते. तेथे गवत उगवलेच, तर खुरपे घेऊन पाच मिनिटांत ते काढता येते. तरीही हा विषय घेतला, याचे कारण आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज अमेरिकेत घरे करून राहिली आहेत. एखादे दिवशी मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, गवत कापायचे यंत्र घेतो आहे, बसून चालवायचे." आपण इकडून "बरे, घे" म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. तसे वळू नये, हे मला गेल्या वर्षी तिकडे गेल्यावर कळले.

एप्रिलच्या अखेरीस सौ. आणि मी मुलाकडे पोहोचलो. नॉर्थ कॅरोलिना राज्यात रॉली शहराच्या बाहेर त्याचे घर आहे. जागा दोन एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने ऐंशी गुंठे. घर, मोटारीचा रस्ता आणि झाडांचा भाग वजा जाता सव्वा एकर निखळ हिरवळ. पन्नास गुंठे जमीन, आणि पीक काय, तर गवत! तेही गुरांसाठी नव्हे, केवळ डोळ्यांसाठी. पहिल्या दिवशी मला हसू आले. दुसऱ्या आठवड्यात मात्र हसू मावळले, कारण त्या गवताची वाढ मी स्वतः पाहिली.

त्या भागात टॉल फेस्क्यू नावाचे गवत पुष्कळ लावतात. ते थंडीचे गवत आहे. वसंतात आणि शरदात जोमाने वाढते, कडक उन्हाळ्यात मंदावते. ते तीन ते चार इंच उंच ठेवावे आणि एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कापू नये, असा तेथला नियम आहे. त्याहून अधिक कापले, तर मुळांना पोसणारे पानच उरत नाही आणि उन्हाळा लागताच हिरवळ पिवळी पडते. अर्थात एप्रिल-मे महिन्यांत दर पाच-सहा दिवसांनी कापणी आलीच. मुलाजवळचे जुने यंत्र ढकलत चालवायचे, एकवीस इंच रुंदीचे. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. सव्वा एकर म्हणजे ५४,४५० चौरस फूट. एका पट्ट्यावर दुसरा पट्टा थोडा चढवावा लागतो, म्हणून उपयोगी रुंदी दीड फूट धरली. पायपीट झाली ३६,३०० फूट, म्हणजे अकरा किलोमीटर! दर आठवड्याला माझा मुलगा कचेरीतून आल्यावर यंत्र ढकलीत बडोद्याहून पादऱ्याच्या वाटेने निम्म्याहून अधिक मजल मारीत होता. त्याच्या कमरेने तक्रार केली, तर नवल ते काय? यंत्र हवे होते, याविषयी माझ्या मनात मुळीच शंका नाही. प्रश्न होता तो कोणते यंत्र, आणि कोणत्या जमिनीसाठी.

गवतकापणीच्या यंत्राचा जन्म कापडगिरणीत झाला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. इंग्लंडमधील स्ट्राउडजवळच्या गिरण्यांच्या परिसरात एडविन बडिंग हा कारागीर होता. लोकरी कापडावरील बारीक लव कातरून कापड गुळगुळीत करणारे फिरत्या पात्यांचे यंत्र त्याने पाहिले होते. कापडावरची लव कातरता येते, तर जमिनीवरची का नाही, असा विचार करून त्याने १८३० साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मोठी यंत्रे ओढण्यास तट्टे जुंपली जाऊ लागली आणि हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत, म्हणून त्या तट्टांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. आज ज्या यंत्राविषयी लिहितो आहे, ते जागच्या जागी वळणारे, 'झिरो-टर्न' नावाचे यंत्र मात्र अस्सल अमेरिकन. त्याच्या जनकत्वाचा मान एकाहून अधिक जणांकडे जातो. मिसुरी राज्यातील मॅक्स स्विशर यांचे तीनचाकी यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातले. आणि दोन दांड्यांनी चालणारा, आज सर्वत्र दिसणारा प्रकार १९६०च्या दशकात कॅन्सस राज्यातील जॉन रेगियर यांनी सिद्ध केला.

खरेदीसाठी आम्ही प्रथम एका प्रचंड दुकानात गेलो. तेथे खिळ्यांपासून खिडक्यांपर्यंत सारे मिळते. विक्रेता तरुण होता, गोड बोलत होता. त्याने अश्वशक्तीचा आकडा सांगितला, गादी किती मऊ आहे हे दाखविले आणि पेला ठेवण्याची जागाही दाखविली. आमच्या जमिनीविषयी त्याने एक अक्षरही विचारले नाही. मुलाचे मन साठ इंची यंत्रावर बसले होते. शेजाऱ्याचे तेवढेच होते. मी म्हटले, "अरे, दुरुस्ती कोण करते, ते विचार." तरुणाने एक फोन क्रमांक लिहून दिला.

दुसरे दुकान लहान होते. पण त्याच्यामागे कारखाना होता, आणि त्यात हातांना तेल लागलेली दोन माणसे एका यंत्राचे पट्टे उतरवीत होती. आयुष्यभर कार्यशाळेत मुलांना यंत्रे शिकविल्यामुळे माझा पाय तेथेच अडला. यंत्र जेथून घ्यायचे, तेथे ते उघडता येते की नाही हे आधी पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे. दुकानदार साठीचा, मितभाषी गृहस्थ. त्याने मुलाला चार प्रश्न विचारले. गवत किती एकर? कुंपणाचे फाटक किती रुंद? उतार किती? आणि घरात लहान मुले आहेत काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुलाने झटकन दिली. सव्वा एकर, फाटक चार फूट. तिसऱ्याला म्हणाला, "मागे ओढ्याकडे आहे थोडासा."

"थोडासा म्हणजे किती अंश?" दुकानदाराने विचारले. मुलगा गप्प राहिला. "मग मोजून या. मोजल्यावाचून मी हे यंत्र विकीत नाही."

मुलाला ते आवडले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. मला मात्र त्या क्षणी तो माणूस आपल्या कुळातला वाटला.

तरी त्याने यंत्र चालवून पाहू दिले, आणि त्यामुळे त्याचा प्रश्न आम्हांला उमगला. या यंत्राला मोटारीसारखे गोल चाक नसते. चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा असतो. मागच्या दोन चाकांना तेलाच्या दाबावर चालणारी दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की यंत्र पुढे जाते, मागे ओढले की मागे येते, मधल्या जागी आणले की थांबते. एक पुढे आणि एक मागे केला, की जागच्या जागी गिरकी घेते. पुढची दोन चाके कचेरीतील फिरत्या खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी असतात. ती केवळ भार वाहतात, दिशा देत नाहीत.

मला लहानपण आठवले. पादऱ्याकडे आमच्या आजोबांची थोडी शेती होती. गाडी वळवायची झाली की ते डाव्या बैलाचा कासरा आखडून धरीत आणि उजव्याला हाक देत. डावा जागीच पाय बदली, उजवा पुढे सरे आणि गाडी अलगद वळे. हे यंत्र म्हणजे तीच बैलजोडी. मी तसे म्हणताच मुलगा हसला आणि दोन मिनिटांत दांडे त्याच्या हाती बसले. प्रथम मात्र तो नवशिक्या गाडीवानासारखाच नागमोडी गेला, आणि एक चाक जागी रोखून वळला तेव्हा त्या चाकाखालचे गवत मुळासकट उखडले. दुकानदाराने समजावले, की जागच्या जागी वळता येते म्हणून तसे वळू नये. थोडे मागे घेऊन, दोन्ही चाके फिरती ठेवून वळावे.

आता उतारावर काय होते, ते पाहा. मोटारीचे मागचे चाक घसरले, तरी पुढची चाके वळवून ती काहीशी सावरता येते. येथे वळणे मागच्या चाकांकडे आणि थांबणेही मागच्या चाकांकडेच. ओल्या गवतावर उतारात त्या दोन चाकांची पकड सुटली, की दिशा आणि रोध दोन्ही एकदमच जातात. बैलांचेच पाय घसरले, तर कासरा धरून काय उपयोग? मग यंत्र स्वतःच्या वजनाने खाली जाते, आणि खाली खड्डा, भिंत किंवा पाणी असेल, तर ते चालकासह उलटते. बसून चालवायच्या यंत्रांचे प्राणघातक अपघात बहुतांशी असे उलटण्याने होतात. म्हणूनच या यंत्रांच्या पुस्तिकांत उताराची मर्यादा छापलेली असते. पुष्कळ यंत्रांना ती पंधरा अंश असते, काहींना दहाच. आपण घेत असलेल्या यंत्राची मर्यादा पुस्तिकेतच पाहावी. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये.

घरी आल्यावर मी पाणसळ मागितली. गॅरेजमध्ये होतीच. चार फुटांची सरळ फळी घेतली, तिचे एक टोक उतारावर टेकविले, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईतो दुसरे टोक उचलले आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर फूटपट्टीने मोजले. ही रीत कोणालाही करता येईल. चार फुटी फळीखाली साडेआठ इंच भरले, तर उतार दहा अंश. पावणेतेरा इंच भरले, तर सुमारे पंधरा. घरापुढे पाच इंच भरले, म्हणजे सहा अंश. तेथे चिंता नव्हती. मागे ओढ्याकडे तीन ठिकाणी मोजले. दोन ठिकाणी चौदा इंच आणि एका ठिकाणी साडेचौदा. सोळा-सतरा अंश! आणि त्याच्या तळाशी पाणी.

मुलाला आकडे दाखविले. तो म्हणाला, "बाबा, शेजारी चार वर्षे असाच उतार कापतात. काही झालेले नाही."

"अरे, काही झाले नाही हे मोजमाप नव्हे. मोजमाप हे आहे," मी फूटपट्टी दाखवून म्हटले.

"दरवेळी पाऊस पडून गेल्यावर थोडाच कापणार आहे?"

"आणि सकाळच्या दवाचे काय?"

तो काही बोलला नाही, पण रात्रीचे जेवण अबोल झाले. त्याचेही खरे होते. घर त्याचे, पैसा त्याचा, राबणारी कंबर त्याची. आणि सहा महिन्यांसाठी आलेला बाप फूटपट्टी नाचवून त्याला नाही म्हणत होता. परदेशी मुलाच्या घरी आईबापांनी किती बोलावे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना छळतो. मी मनाशी एवढेच ठरविले, की यंत्राच्या रंगाविषयी, किमतीविषयी, गादीविषयी काही बोलायचे नाही. पण उताराविषयी गप्प बसायचे नाही.

कोंडी फोडली ती सूनबाईंनी. पाने उचलता उचलता त्या म्हणाल्या, "ओढ्यापर्यंत गवत कापायलाच हवे, असे आपल्याला सांगितले आहे कोणी?"

खरोखर कोणीच सांगितले नव्हते! तेथल्या रहिवासी संघाचे नियम काढून पाहिले. दर्शनी हिरवळीची उंची बांधलेली होती. मागच्या काठाविषयी एक शब्द नव्हता. उलट, ओढ्याच्या काठी उंच गवताचा आणि झुडपांचा पट्टा राखावा, त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि हिरवळीवरचे खत पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाण्यापूर्वी अडविले जाते, असे जमिनीच्या जाणकारांचे सांगणे आहे. मुलाने संघाला पत्र लिहून संमती घेतली. पाचेक गुंठ्यांचा तो उतार वाढू द्यायचा, आणि वर्षातून एक-दोनदा पायी चालणाऱ्या माणसाकडून दोरीच्या यंत्राने छाटून घ्यायचा. वरच्या सपाटीवर खुंट्या ठोकून हद्द आखली. काठापासून यंत्राच्या रुंदीच्या दुप्पट अंतर राखावे, या नियमाने ती आखली. जो उतार यंत्राने कापणे धोक्याचे, तो कापण्याची गरजच उरली नाही.

जमीन अशी ठरल्यावर यंत्र ठरविणे सोपे गेले. साठ इंची की बेचाळीस इंची, हा वाद हिशेबाने मिटला. पात्यांची रुंदी इंचांत आणि वेग ताशी मैलांत घेऊन गुणाकार करावा, त्याला ९९ ने भागावे, म्हणजे तासाला किती एकर कापले जाईल ते कळते. वळणे आणि चढते पट्टे यांसाठी त्यातून पाचवा हिस्सा वजा करावा. बेचाळीस इंची यंत्र ताशी पाच मैल वेगाने तासाला सुमारे १.७ एकर कापते. म्हणजे सव्वा एकराला पाऊण तास. साठ इंची यंत्र सहा मैलांच्या वेगाने २.९ एकर; म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. फरक आठवड्याला अठरा मिनिटांचा. तेवढ्यासाठी जास्तीचे डॉलर मोजायचे, गॅरेजमधली मोटारीची जागा घालवायची, आणि शिवाय उंचसखल जमिनीवर रुंद यंत्र उंचवट्यावरचे गवत मुळाशी खरवडते, ते वेगळेच. शेवटचा निकाल फाटकाने दिला. साठ इंची यंत्र चार फुटी फाटकातून जाणारच नव्हते. बेचाळीस इंचीसुद्धा सहज जात नाही, हे ध्यानात ठेवावे. कारण बेचाळीस ही पात्यांची रुंदी. कापलेले गवत बाहेर फेकणारे पन्हाळे खाली असताना त्याच यंत्राची एकूण रुंदी पन्नास इंचांच्या वर जाते. पाती बंद करून, पन्हाळे वर दुमडून ते फाटकातून न्यावे आणि पलीकडे गेल्यावर पन्हाळे पुन्हा खाली सोडावे. ते वर बांधून ठेवून कधीही कापू नये, कारण दगड-काटक्या उडण्याची वाट तीच असते.

आता यंत्राच्या अंगांविषयी थोडे. पात्यांवरचे लोखंडी झाकण दोन प्रकारचे असते: एकाच पत्र्याचे दाबून घडविलेले, किंवा जाड पत्रे वितळजोड करून बांधलेले. दाबलेले हलके आणि स्वस्त, जोडलेले दणकट. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तेथे लहान आकडा म्हणजे जाड पत्रा. तेरापेक्षा अकरा बरा, अकरापेक्षा दहा. अश्वशक्तीच्या आकड्याला फार भुलू नये. बेचाळीस इंचांना वीसच्या आसपास अश्वशक्ती पुरते. त्यापेक्षा चाकांना फिरविणाऱ्या तेलाच्या यंत्रणेची चौकशी करावी. स्वस्त यंत्रांत ती बहुधा बंद असते, तिचे तेल बदलता येत नाही. तिची खरी ताकद संपली की यंत्र उतारावर दमू लागते. विजेच्या घटांवर चालणारी यंत्रेही आता पुष्कळ निघाली आहेत. आवाज कमी, तेल बदलणे नाही, आणि सव्वा एकराला एका भरणीत पुरणारी मिळतात. पण किंमत अधिक पडते आणि आमच्या दुकानदाराजवळ त्यांची दुरुस्ती नव्हती. म्हणून आम्ही पेट्रोलचेच घेतले, जोडीव झाकणाचे, चार हजार डॉलरांच्या किंचित वर. घरगुती यंत्रे तीन हजारांच्या आसपास सुरू होतात, हिरवळ कापण्याचा धंदा करणाऱ्यांची दहा हजारांच्या पुढे जातात. जुने यंत्र घ्यावयाचे झाल्यास रंग पाहू नये; चाललेले तास दाखविणारे घड्याळ पाहावे, झाकणाला तडा आहे काय हे वाकून पाहावे, आणि पुढच्या चाकांना हाताने हलवून किती खेळ आहे तो पाहावा.

यंत्र कोणी दिले, यापेक्षा कसे दिले, हे मला लक्षात राहिले. दुकानदाराने मुलाला आसनावर बसवून एकेक गोष्ट तोंडाने म्हणवून घेतली. आसनावरून उठताच यंत्र बंद पडते; ती कळ त्रासदायक वाटली, तरी तिला कधी बगल देऊ नये. पन्हाळ्यात गवत अडकले, तर पाती थांबवावी, इंजिन बंद करावे, किल्ली काढावी, मगच काठीने काढावे. हात घालू नये. पात्याच्या टोकाचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात असू शकतो. डोक्यामागे उलटण्यापासून वाचविणारी लोखंडी कमान असेल, तर ती उभी ठेवावी आणि पट्टा बांधावा; कमान नसेल, तर पट्टा बांधू नये. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नये.

आणि मग त्याचा चौथा प्रश्न उरला होता.

माझी नात पाच वर्षांची आहे. बडोद्याहून निघण्यापूर्वी फोनवर मी तिला वचन दिले होते, की बाबांचे नवे यंत्र आले की तुला मांडीवर घेऊन मी त्यावरून फिरवीन. त्या वचनामागे माझेच बालपण होते. पादऱ्याच्या वाटेवर आजोबांच्या मांडीवर बसून, त्यांच्या हातांवर हात ठेवून कासरा धरल्याचा आनंद मला आज पंचाहत्तरीतही आठवतो. तो तिला द्यावा, एवढीच माझी हौस. दुकानात ती आमच्याबरोबर होती. मी सहज म्हटले, की पहिली फेरी आम्हां दोघांची. दुकानदाराने हातातले काम खाली ठेवले.

"ते करू नका," तो म्हणाला. "एकदाही नाही. पाती बंद असली तरी नाही."

त्याने सांगितलेले कारण मी आजवर ऐकले नव्हते. मूल मांडीवरून घसरून पडते, हा एक धोका. पण दुसरा अधिक कपटी आहे. एकदा ज्या मुलाला या यंत्रावर फिरविले, त्याच्या मनात यंत्र म्हणजे खेळ, अशी गाठ पडते. पुढे कधी बाप कापणी करीत असता ते मूल आनंदाने मागून धावत येते. इंजिनाच्या आवाजात बापाला हाक ऐकू येत नाही, तो यंत्र मागे घेतो. आणि मग जे होते ते लिहिण्याचे धैर्य मला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असाच आहे. सोळा वर्षांखालील मुलाने हे यंत्र चालवू नये, कोणाही मुलाला त्यावर सोबत घेऊ नये, आणि सहा वर्षांखालील मुलांना कापणीच्या वेळी घरातच ठेवावे.

मुलाला उताराविषयी शिकविणारा मी, माझ्याच हौसेची फूटपट्टी लावायला विसरलो होतो. बैलगाडीला पाती नव्हती, एवढा साधा फरक माझ्या ध्यानात आला नव्हता. परतीच्या वाटेवर मुलगा काही बोलला नाही. बोलू शकला असता. मीच म्हटले, "आपण दोघेही चुकत होतो." तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मोजलेत म्हणून माझी चूक कळली." त्या रात्रीचे जेवण अबोल नव्हते.

नातीला दिलेले वचन मोडावे लागले. ती रडली. मी तिला खोटे कारण सांगितले नाही. तिच्या वयाला समजेल एवढे खरे सांगितले. त्यानंतर दर शनिवारी एक नवा रिवाज पडला. कापणीपूर्वी आम्ही दोघे हिरवळीवर फिरून दगड, काटक्या, चेंडू वेचायचो. तिची छोटी टोपली भरली की आम्ही घरात यायचो, दार लावायचो आणि काचेच्या खिडकीशी उभे राहायचो. बाहेर तिचे बाबा पट्ट्यामागून पट्टा कापीत जायचे, ती मराठीत फेऱ्या मोजायची. एकोणतीसला तिची गाडी नेहमी अडे. मी पुढचा आकडा सांगत असे. पाऊण तासात फेऱ्या संपत आणि ओढ्याकडचे न कापलेले उंच गवत वाऱ्यावर डोलत राही.

वाचकांपैकी कोणाच्या मुलाचा असा फोन आला, तर त्याला किंमत विचारू नये, रंग विचारू नये. त्या दुकानदाराचे चार प्रश्न विचारावे. गवत किती, फाटक केवढे, उतार किती अंश, आणि लेकरे त्या वेळी कोठे असतील? उत्तर "थोडासा" असे आले, तर पाणसळ घेऊन मोजायला सांगावे. मुलगा क्षणभर रागावेल. रागावू द्यावा.